उजव्या पंखावरचा रंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही (ते गेले बिचारे), मुलीला नाही, देवापुढेही नाही. देवापुढे तर या विषयावर मी चक्क गप्प बसते. मग तुम्हालाच का? पोटात ठेवून ठेवून कंटाळले, एवढंच.

अनसिंगला मी मुलींना शिवण शिकवायची. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. विमानदलात फिटर असलेला उत्तम नोकरी सोडून गावी परतला आणि कापसाच्या एका रिकाम्या गोदामात विमान बांधायला बसला. हो, विमान! लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, एका माणसापुरतं. गाव हसायचं. परवानगीचं काय होतं ते तोच जाणे. कापड शिवायला त्याला सरळ टाका घालणारं माणूस हवं होतं, म्हणून मला बोलावणं आलं. वडिलांनी जाऊ दिलं, कारण गोदामाचं दार सताड उघडं असायचं आणि उत्तमची आई तिथंच तूर निवडत बसायची.

शिवण महिन्याभरात संपली. मग तो म्हणाला, बाईंचा हात स्थिर आहे, रंगही त्याच फवारतील. कापडावर आधी एक रोगण चढतं, पिकल्या केळ्यासारखा वास येतो त्याला. ते वाळलं की कापड डफासारखं ताठ होतं. ते त्यानं स्वतः ब्रशनं लावलं. वरचा रुपेरी रंग मात्र हवेच्या बंदुकीनं द्यायचा. मी आधी जुन्या पत्र्यावर शिकले. पहिल्या आठवड्यात रंग पत्र्यापेक्षा माझ्या पातळावरच जास्त.

"मनगट नका मोडू, खांद्यातून हात चालवा," तो म्हणायचा. "हात थांबला का ओघळ आला समजा."

आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा — रंगाचे दोनच हात, जास्त नाही. रंगालाही वजन असतं. कापसाच्या काट्यावर त्यानं विमानाचा भाग न् भाग तोलला होता आणि दोन हातांचंच वजन त्यात धरलं होतं.

सांगते, सांगते — टाळत नाही.

उजव्या पंखापाशी त्याचं बाकडं होतं. तिथं तो इंजिन खोलून बसायचा. मी फवारताना तो समोर दिसायचा. बोलणं फारसं नाहीच. कधी मान वर करून रंगाकडे बघायचा, कधी — क्वचित — माझ्याकडे. तेवढ्यासाठी मी सकाळी तीनदा वेणी घालायची. हसा, हवं तर. त्याचं घर बौद्धवाड्यात, आमचं पाटलांच्या आळीत. काम संपलं की त्या दाराशी उभं राहायला मला कुठलंही कारण उरणार नव्हतं.

मग मी काय केलं? तोवर ओघळ येऊ न देण्याइतकी मी शिकले होते. आणि तेव्हाच मी हात थांबवायला लागले. मुद्दाम. ओघळ आला की तो म्हणायचा, कागदानं घासून आधीचा थर पुरता काढा, मगच नवा द्या. मी कागद नुसता वरवर फिरवायची आणि त्यावरच फवारायची. एक दिवस वाळायला, एक फवारायला. असे दिवस मिळवत गेले. डाव्या पंखाकडे भिंत होती. तिकडे मी ओघळ येऊ दिला नाही.

शेवटी त्यानंच विचारलं, "किती हात झाले, बाई?"

"दोनच," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा तोललं नाही. माझ्या शब्दावर विसंबला.

तुरी निघाल्यावर रिकाम्या झालेल्या माळावर विमान नेलं. गाव लोटलं होतं. ते धावलं, डावं चाक हातभर वर उचललं — आणि उजवं जमीन सोडीना. कलंडत कलंडत त्यानं ते आवरलं. पुन्हा धावला. तिसऱ्यांदा बांधाला अडून चाक मोडलं. त्याला खरचटलंही नाही. आणि मला — हेही सांगूनच टाकते — क्षणभर बरं वाटलं. तो जमिनीवरच राहिला म्हणून.

तो उतरला आणि थेट माझ्याकडे आला. "माहाच हिसाब चुकला, बाई. तुमचं काम बिनतोड हाये."

तिथं बोलायचं होतं. तिथंच. लोक होते, वडील होते... पण लोकांना कशाला पुढे करू? मी म्हणाले, "होईल पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली नाही. वही घेऊन तो दोन वर्षं आकडे मांडत राहिला. उजवी बाजू का उचलली नाही, ते त्याला सापडलं नाही. मग त्यानं सांगाडा मोडला. मला मेडशीला दिलं. माहेरी जाताना एसटीतून तो माळ दिसायचा. मी नेहमी त्याच बाजूला बसायची. अजून बसते. गेल्या वर्षी तो गेल्याचं कळलं. माझी माहेरची भाची सांगत होती, म्हातारा शेवटपर्यंत एकच म्हणायचा, "मले विमान जमलं नाही."

जमलं होतं.

डाव्या पंखाला दोन हात होते, उत्तमराव. उजव्याला सहा.