आकाशपाळण्याची शेवटची फेरी

निम्म्या कपड्यांना इस्त्री झाली होती, शर्ट आणि उशांचे अभ्रे अजून पडून होते, तेवढ्यात पाळणेमामांनी मामींसमोर एक मिटलेला नकाशा आणून ठेवला.

"अगं, इस्त्री तापलीच आहे, तर एवढ्या घड्या मोडून दे. वरून सुती कापड घाल, हात हलका ठेव."

"कागदाला इस्त्री करणारी जगात मीच एकटी असेन," मामी म्हणाल्या.

मामांनी उभं आयुष्य एका करमणूक बागेत आकाशपाळणा चालवला. बाग बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण मामांच्या डोक्यातला पाळणा काही थांबला नाही. बागेचे रंगीत नकाशे, कागदी टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, हत्तीचं चित्र असलेले कप... कुणी जुनं घर आवरतंय असं कानावर आलं की मामा त्यांच्या दारात हजर. शोकेसमध्ये हत्तीचे कप ओळीने मांडलेले, आणि घरातला चहा मात्र कान तुटलेल्या कपात.

त्यावरूनच धाकट्या बहिणीशी बिनसलं होतं. तिने एकदा त्यांचं टोप्यांचं पोतं सरळ रद्दीवाल्याला देऊन टाकलं. "तुला कागद हवेत, माणसं नकोत," असं तोंडावर म्हणाली. "कागद निदान उलटून बोलत नाहीत," मामा म्हणाले. तेव्हापासून भावाबहिणीतून विस्तव जात नव्हता.

मामींनी देवाचं नाव घेतलं, कापड पसरलं, घड्या सैल व्हाव्यात म्हणून आधी मिटलेल्या नकाशावरूनच इस्त्री फिरवली आणि पहिली घडी उघडली. आतून एक चिठोरं घसरून खाली पडलं. काळंकुट्ट.

"अहो, हे काय?"

मामांनी ते उचललं आणि मटकन जमिनीवरच बसले.

"बागेच्या शेवटच्या दिवसाचं तिकीट गं ते."

यंत्रातून निघणारा तो गुळगुळीत कागद. शाई नाहीच, उष्णतेनेच अक्षरं उमटतात. मग इस्त्रीने दुसरं काय होणार? पाळणा चालवणाऱ्याने स्वतः आत बसायचं नाही, असा तिथला नियम. पण शेवटच्या फेरीला धाकटीने रांगेत उभं राहून दोन तिकिटं काढली, दुसऱ्या कामगाराला यंत्रावर उभं केलं आणि भावाला ओढून आत बसवलं. मामांनी सगळी बाग वरून पाहिली ती तेवढी एकदाच.

"तिचं नि माझं एवढंच उरलं होतं," मामा म्हणाले.

"पण नकाशात घातलं कुणी?"

"मीच. काल. दोन्ही एकत्र राहावीत म्हणून. आणि आज विसरलो."

रडावं की ओरडावं, मामींना कळेना. मग एकदम म्हणाल्या, "दोन तिकिटं होती ना? दुसरं कुठाय?"

"तिच्याकडे? जिने माझं पोतं विकलं तिच्याकडे?"

मामींनी फोन लावलासुद्धा. "वन्सं, मी बोलतेय. ते पाळण्याचं तुमचं तिकीट..."

"का? दादाचं हरवलं?"

"जाळलं. मीच. इस्त्रीने."

"अगंबाई!" मग पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. "माझं आहे. देवाच्या तसबिरीमागे. पुसट झालंय, पण वाचता येतं."

मामी स्टुलावर टेकल्या. कागदांची वैरीण म्हणून जिला इतकी वर्षं बोल लावला, तिने तिकीट देवामागे जपलं होतं!

"पण पाठवणार नाही हं," वन्सं म्हणाल्या. "त्याला म्हणावं, स्वतः येऊन बघ. आणि वहिनी, इस्त्री घरी ठेवून या."

कान देऊन ऐकणाऱ्या मामांचा आ वासलेला तसाच राहिला. "तिने ठेवलं?" त्यांनी विचारलं. पुन्हा विचारलं. आणि मग ताडकन उठले.

"तसबिरीमागे? अगं, तिथे रोज दिवा लागतो! धग लागेल त्याला! मला नको ते, तिच्याकडेच राहू दे. पण असं उघडं?"

मामींनी इस्त्रीचं बटण बंद केलं. शर्ट तसेच पडून राहिले. आता वन्संकडे जायचं होतं, आणि त्याआधी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात, एक जाड लिफाफा आणायला.