कामरेजच्या पोराला कुणी घडवलं?

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत भेस्तानला राहायचो. वडील कापड विणायच्या लूमच्या खात्यात कारागीर होते. मी तेरा वर्षांचा असताना पर्वत पाटियाजवळच्या फुटबॉल क्लबात जायला लागलो. क्लब म्हणजे एक उघडं मैदान, चार चेंडू आणि आमचे सर. सर आमच्यासारखेच मूळचे धुळ्याकडचे, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये फिटर. तरुणपणी जिल्ह्याकडून खेळलेले. नवं पोर आलं की त्याच्या बापाला ते सांगायचे, "इथून पोरं मोठ्या अकादमीत जातील."

मी एकदा विचारलंच, "सर, आत्तापर्यंत कोण गेलंय?"

"कुणीच नाही," सर सरळ म्हणाले. "जातं का कुणी, ते मलाही बघायचंय."

मी तीन वर्षं तिथं घाम गाळला. मग एका मोठ्या अकादमीची निवड चाचणी बडोद्याला असल्याचं कळलं आणि सर आम्हा पाच जणांना घेऊन निघाले. पाचवा पोरगा सुरतेबाहेरच्या कामरेजचा होता. त्याचे आईवडील विदर्भातून बांधकामावर आलेले. क्लबात येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. विटा मांडून त्यांच्यामधून चेंडू न्यायचा सराव आम्ही डोळे मिटून करायचो. तो दर वेळी वीट पाडायचा.

निवड त्या एकट्याची झाली.

 परतताना गाडीत सर त्याच्यासमोर येऊन बसले. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायला त्यांनी विचारलं, "तुला मी तर काही शिकवलं नाही. मग शिकलास कुठं?"

"कामरेजला, साइटवर. एका बाजूला सळया, दुसऱ्या बाजूला खडी. चेंडू तिकडं गेला की पाय फाटायचा. म्हणून तो यायच्या आधीच बघून ठेवायचो, कुठं मारायचा ते."

"मग क्लबात कशाला आलास?"

"तिथं अकरा पोरं कुठं होती, सर? आणि चाचणीचं मला कोण सांगणार होतं?"

घरी पोचलो तर वडील दारातच. "मंग, तुनी निवड व्हयनी का?"

"नही."

"मंग कोनी व्हयनी?"

मी सांगितलं. त्यावर त्यांनी त्या पोराबद्दल इतकं काही विचारलं की माझं रडू तसंच राहून गेलं.

पुढं तो पोरगा अकादमीतून सरांना पोस्टकार्डं पाठवायचा. सर ती मैदानावर मोठ्यानं वाचायचे. तिथं त्याला चेंडू अडवण्यापासून सगळं नव्यानं शिकवत होते. सर लगेच तसं करून बघायचे, आम्हालाही करायला लावायचे.

तीन वर्षांनी अकादमीनं त्याला पुढं ठेवलं नाही. कुठल्या मोठ्या संघानंही घेतलं नाही. तो सुरतेला परत आला, मिलमध्ये लागला आणि संध्याकाळी मैदानावर येऊ लागला. पहिल्याच दिवशी सरांनी त्याला आमच्यासमोर उभं केलं. "आता तू सांग. माझं काय चुकत होतं?"

तो लाजला. "जाऊ द्या ना, सर."

"सांग रे. मला कळायला नको?"

"सर, तुम्ही बाहेरून सारखं ओरडून सांगता. पोरं मग चेंडूकडं कमी आणि तुमच्याकडं जास्त बघतात."

 त्या संध्याकाळी आम्ही दोन संघ करून खेळलो आणि सर खेळ संपेपर्यंत कडेला तोंड मिटून बसून राहिले. दोनदा उठले, पुन्हा बसले. सुरुवातीला आमचा नुसता गोंधळ झाला. मग हळूहळू आम्हीच एकमेकांना हाका मारायला लागलो.