तेरा वसाहतींचा धडा

पोह्यांवर झाकण ठेवता ठेवता अनुराधाचं पुटपुटणं चालूच होतं. सतराशे त्र्याहत्तर, बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात. तेवढ्यात दारावर थाप पडली. इंग्लंडातल्या या बेसिंगस्टोकमध्ये सकाळी सातला कोण कुणाचं दार वाजवतं?

दारात शेजारच्या सिमाताई, गाऊनवर कोट चढवून. मूळच्या मुंबईच्या ज्यू, सत्तरीच्या, पण मराठी अजून खणखणीत. अनुराधाची परीक्षा आज क्रॉयडनला होती आणि तिकडची ट्रेन कॅन्सल झाल्याचं त्यांनी फोनवर पाहिलं होतं. अनुराधाच्या नवऱ्याची, मोहनची, हॉस्पिटलात ड्यूटी, म्हणून त्या स्वतःच गाडी काढणार होत्या.

साताऱ्याच्या शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवून, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन मगच अनुराधा इथे नवऱ्याकडे आली. आता कायम राहायचं तर 'लाइफ इन द यूके'ची परीक्षा पास व्हायला हवी. पासष्टीनंतर ती माफ असते. हिला दोन वर्षं कमी पडली. व्हिसा संपायला उरले तीन आठवडे.

मागच्या महिन्यात ती नापास झाली होती, तीही इतिहासाची बाई असून. तिचा इतिहास डोक्यात नव्हताच, जिभेवर होता. वर्गापुढे सांगू लागली की साम्राज्याची तिजोरी रिकामी होई, कर बसत, आमचा प्रतिनिधी नाही तर कर नाही म्हणून अमेरिकेतल्या तेरा वसाहती उठत, लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटे. परीक्षेतही ती कॉम्प्युटरसमोर पुटपुटू लागली. तिथल्या बाईंनी दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा बाहेर जावं लागेल म्हणाल्या. ओठ मिटले आणि सगळं पुसलं गेलं. वसाहतींचं स्वातंत्र्य ब्रिटनने मान्य कधी केलं? हिने शहात्तर निवडलं. शहात्तरला तर नुसता जाहीरनामा. मान्यता त्र्याऐंशीला, सात वर्षं लढून. बाहेर फुटपाथवर येताच आठवलं. नववीतल्या पोरांना या चुकीसाठी तिने दहा-दहा वेळा लिहायला लावलं होतं.

पोहे तसेच राहिले. गाडीत पट्टा लावतानाही ती सनावळ्या पुटपुटत होती.

"एवढी घाबरतेस काय गं," सिमाताई म्हणाल्या. "वसाहती गेल्या त्यांच्या, आणि घाम तुला."

अनुराधाला हसू आलं नाही. सिमाताईंचा हात रेडिओकडे गेला, तो तिने हलकेच धरला.

"रेडिओ नका लावू सिमाताई. क्रॉयडन येईपर्यंत मला तुम्हाला हा धडा मोठ्याने शिकवू द्या."