थोरलीने सही करायला नको होती

मंडळी, आज आईला घेऊन कल्याणला दुपारच्या शोला गेलेलो. पाच भावंडं, गावचं घर आणि त्याची वाटणी, असा सिनेमा.

माणसं एकेक झकास, पण कथेच्या नावाने आनंदीआनंद! सुरुवातीला हरवलेलं मृत्युपत्र शेवटपर्यंत सापडत नाही. नाशिकला निघालेला धाकटा पुढच्याच सीनमध्ये अंगणात चहा पितोय.

परतताना शेअर रिक्षात मी आईला हेच ऐकवत होतो. ती म्हणाली, "ते जाऊ दे रे. थोरलीने हक्कसोडपत्रावर सही करायला नको होती."

शेजारच्या अनोळखी मावशी लगेच वळल्या. "खरंय ताई. आधी बहिणीची सही घेतात, मग दिवाळीशिवाय फोनही करत नाहीत."

"हो ना! सगळ्यांना वाढता वाढता स्वतः जेवलीसुद्धा नाही हो ती."

"चांगला वकील बघा तिच्यासाठी."

मला राहवेना. "मावशी, सिनेमातली आहे ती!"

मावशी ठामपणे म्हणाल्या, "असू दे. तरी सही करायला नकोच होती."

रिक्षावाल्यानेही मान डोलावली. मृत्युपत्राचं कुणालाच पडलेलं नव्हतं. मलाही नाही, कारण आमच्या गावच्या घराच्या हक्कसोडपत्रावर ताईनेही हसत सही केलीय.

घरी आल्या आल्या तिला फोन लावला.

ती म्हणाली, "काय रे, आज दिवाळी आहे का?"

तुमच्या ताईला शेवटचा फोन कधी केलेला?