ओतून दिलेलं पाणी

भर समुद्रात पिण्याचं पाणी ओतून देणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत का? महाडच्या बंदरात ओल्या काथ्याचा वास आला की मला ती दिसतात. एडनहून परतताना वारा पडला आणि आमचं गलबत अडकलं. पोलादपूरकडच्या अस्पृश्य खलाशाला वरून पाणी वाढायला कुणी उठेना, म्हणून त्यानं स्वतःच पिंपात वाटी बुडवली. "बाटवलंस पिंप, मेल्या," म्हणत गलबताच्या प्रमुखानं, तांडेलानं, दोरखंडानं त्याची पाठ फोडली. "मारा तांडेल, पन पानी वतू नका. दुसरं नाय," रक्तानं भिजलेला तो म्हणाला. तांडेलानं पिंप समुद्रात उपडं केलं. किनारा दिसण्याआधी 'पाणी, पाणी' करत तांडेलच गेला, त्याच खलाशाच्या मांडीवर. आज गावोगावी तेच पिंप उपडं होताना पाहतो. तुमच्या विहिरीचा पोहरा उद्या तुमच्या गावच्या अस्पृश्याच्या हातात द्या.