चढाच्या मापाची चेन

नामदेवराव इंगळे यांची आणि माझी ओळख सात वर्षांपूर्वीची. माझी मुलगी वर्षा तेव्हा मेळघाटात सेमाडोहकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नुकतीच लागली होती. वस्त्यांवर जायला तिने गिअरची डोंगरी सायकल घेतली होती. पण चढ लागला की उतरून ढकलावी लागे. कुणीतरी अमरावतीच्या अंबादेवी रस्त्यावरच्या नामदेवरावांचं नाव सांगितलं, म्हणून आम्ही मायलेकी त्यांच्या दुकानात गेलो.

सायकलीकडे पाहण्याआधी त्यांनी वर्षाला विचारलं, "बाई, चढ कसा हाय? उभा का लांब?"

तिला धड सांगता येईना.

"मंग मलेच पाहा लागते," ते म्हणाले.

आम्हाला वाटलं, बोलायची रीत आहे. पण दुसऱ्या सोमवारी ते सकाळच्या एसटीने खरंच सेमाडोहला गेले, वर्षा जायची तो सगळा रस्ता पायी चढले, बरोबर नेलेली भाकरी खाल्ली आणि संध्याकाळी परत आले. तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट होतं.

मी दहावी शिकलेली गृहिणी. घरचा आणि भजनी मंडळाचा हिशेब लिहिते, एवढाच माझा लेखणीशी संबंध. पण त्यांचं काम मी समोर बसून पाहिलं आहे, ते सांगते. विकत मिळते ती सायकल सगळ्यांसाठी सारखी असते. नामदेवराव तिच्या पुढच्या दातेरी चकत्या काढून एकच लहान बसवत. मागे नऊ चकत्या. त्यातली सगळ्यात मोठी बेचाळीस दातांची, नाश्त्याच्या ताटलीएवढी. चढावर बसल्या बसल्या पाय फिरले पाहिजेत आणि सपाटीवर सायकल पळालीही पाहिजे, अशी दोन्ही टोकं ते एकाच सायकलीत आणत. मेळघाटात सायकलीने जाणारी अकोल्याची मंडळी आधी त्यांच्याकडे थांबायची ती यासाठीच.

एवढ्या मोठ्या चकतीला चेनही लांब लागते. पुढच्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून ती फिरवून ते कड्या मोजत आणि वर दोन कड्या जास्त ठेवत. मोजताना तोंड बंद. एकदा एका गिऱ्हाइकाने मध्येच विचारलं, "काका, झालं का?"

"झालंच होतं. आता पयल्यापासून," असं म्हणून त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

सायकल तयार झाली तेव्हा वर्षाला सुट्टी नव्हती, म्हणून आणायला मी गेले. नामदेवरावांनी मला बजावलं, "ताई, ल्हान चकतीवर चेन थोडी लोंबते. लोंबू द्या. मोठीवर चढली का बराबर ताणते."

मी हो म्हटलं. समजलं काहीच नव्हतं.

घरी आणली तर चेन सारखी दांडीला आपटे. आमच्या घरात ढिलं काही राहू देत नाहीत. बाज ढिली झाली की त्याच दिवशी ताणायची. सासऱ्यांच्या सायकलीची चेन लोंबली की त्यांना चैन पडत नसे. तीच समजूत माझी. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "ढिलीच हाय काकू. काढू चार कड्या?" मी म्हटलं, काढा. चेन छान ताठ झाली. मला बरं वाटलं.

आठ दिवसांत वर्षा पडली. मोठ्या चढावर तिने मोठी चकती लावली, चेन पुरली नाही, चेन ताणून धरणारा गिअरचा हात तुटून चाकात गेला. तिच्या मनगटाचं हाड मोडलं.

मोडकी सायकल घेऊन मी दुकानात गेले आणि चार-पाच माणसांदेखत नामदेवरावांना बोलले. तुमच्या भरवशावर पोरगी जंगलात पाठवली, असंही बोलले. ते चेन मोजत बसले. मग मान वर करून विचारलं, "ताई, हिले कोनी हात लावला काय?"

मी म्हटलं, "नाही."

त्या दिवशी माझा गुरुवार होता. उपास मी मोडला नाही, खोटं मात्र बोलले.

त्यांनी पुन्हा मोजली. "मंग मीच चुकलो. मोजतानी. वय झालं."

दुसऱ्या दिवशी ते मोसंबी घेऊन आमच्या घरी आले. वर्षाला म्हणाले, "बाई, माफ करजा." मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

त्यानंतर त्यांनी गिअरचं काम सोडलं. पंक्चर आणि ब्रेक, तेवढंच करू लागले. अकोल्याहून कुणी आलं तर सांगत, "माह्या मोजण्याचा भरवसा नाही आता." मी अंबादेवीला दुसऱ्या गल्लीने जाऊ लागले.

नामदेवरावांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागायला समितीची माणसं आली, तेव्हा मात्र मला राहवेना. मी दुकानात गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. नामदेवरावांच्या हातात पाना होता, तो त्यांनी खाली ठेवला.

"म्हंजे मी बराबर मोजली होती?"

"हो."

"एकशे चौदा," ते म्हणाले. "दोनदा मोजली होती मी."

माफ केलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी निघाले तेव्हा म्हणाले, "वर्षाबाईले पयले सांगा. मंग लिवा."

वर्षाला सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एकटीच त्यांच्याकडे जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही.

त्या दिवशी दुकानात उभ्या असलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांना माझं सांगणं आहे की नामदेवराव चुकले नव्हते. अकोल्याच्या मंडळींनाही हे कळावं.

नामदेवरावांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, असं सगळेच लिहितील. माझं अंबादेवीजवळ मागणं थोडं वेगळं आहे. हातात कसब असलेल्या माणसाची कामाची सात वर्षं माझ्या एका शब्दाने गेली. आई, ती त्यांना शंभरीच्या पलीकडे देऊ नकोस. आत्ता दे, त्यांचे डोळे आणि बोटं धड आहेत तोवर.