शैलाताई आणि न ऐकणारी जना

बहिणीला गाडीत बसवायला आसनगाव स्टेशनवर गेले होते, तेव्हा शैलाताई गेल्याचा फोन आला. बाकावर बसून राहिले… आणि थोड्या वेळाने मला चक्क हसू आलं. त्यांची आठवण आली की तसंच होतं.

ताई मानसशास्त्र शिकलेल्या. शहापूर-मुरबाडच्या शाळांतून फिरून, मुलं स्वतःला किती आवरू शकतात, सांगितलेलं डोक्यात किती धरतात, एक बेत फसला तर दुसरा काढतात का, हे त्या तपासत. मुलांना तो खेळच वाटे. "मी बसा म्हटलं की उभं राहायचं," एवढं सांगितलं की वर्गात नुसता धुमाकूळ. मी शिकवते त्या टोकावड्याजवळच्या आमच्या शाळेत त्यांनी एकदा मुख्याध्यापकांनाही खेळायला लावलं. 'बसा' म्हटलं की सर दरवेळी बसलेच. चौथीचा वर्ग आठवडाभर हसत होता.

त्याच वर्गात जना होती. विचारलं एक की उत्तर भलतंच, सांगितलेलं काम अर्धवट. तिला विशेष शाळेत पाठवायचं सरांनी जवळजवळ ठरवलंच होतं. तिची आई रडवेली होऊन म्हणाली, "घरीपण ऐकत नाय वो ताई. पण कामाला हुशार हाय."

ताईंनी तोंडी प्रश्न घेतले. जना सगळीकडे चुकली. मग रंगीत आकार काढलेले पत्ते मांडले. आधी रंगाप्रमाणे लावून दाखवले, मध्येच आकाराप्रमाणे. ताईंचा हात बघून जनाने नियम बदलल्याबरोबर ओळखला, झरझर पत्ते लावले. ताई थबकल्या… उठून तिच्या मागे गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "जना, खाऊ देऊ?"

जना ढिम्म.

"सर, डोकं उत्तम आहे," ताई म्हणाल्या. "हिचे कान दाखवा."

कल्याणच्या डॉक्टरांकडे उपचार झाले. परत आलेली जना पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बाई, तुमी केवढ्यानं ओरडता." आता ती मुरबाडला कॉलेजात आहे. ताईंच्या शोकसभेत सगळ्यांत जास्त तीच बोलली, आणि लोकांना हसवलंही.

मुलांच्या डोळ्यांना डोळे भिडावेत म्हणून ताईंनी एक बुटकं स्टूल करून घेतलं होतं. ते अजून आमच्या ऑफिसात आहे. परवा सहज डोकावले, तर निवृत्तीला आलेले आमचे तेच सर, गुडघे पार छातीशी घेऊन, त्यावर कसेबसे बसले होते. समोर पहिलीतली एक मुलगी हुंदके देत उभी.

"सावकाश सांग गो," सर म्हणत होते, "मला घाई नाय."